पाळीतली पोटदुखी आणि मेडिकलमधली गोळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गातल्या एका बाजारपेठेत माझं मेडिकल आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी असते, आणि त्या गर्दीत हमखास एखादी बाई बाजूला उभी राहून पुरुष गिऱ्हाईकं जायची वाट बघत असते. मग हळूच म्हणते, "गो बाय, पोटात दुखता तेची गोळी दी." दुसरं काही औषध चालू आहे का, सकाळपासून काही खाल्लंय का, हे विचारेपर्यंत तिची एसटी लागलेली असते. काउंटरवर अर्धवट राहणारे प्रश्न इथे पूर्ण घेतले आहेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे गोळीवर भागणार नाही अशा गोष्टी कुठल्या, तेही लिहिलं आहे.

पाळीत पोट का दुखतं आणि गोळी नेमकं काय करते?

गर्भाशयाचं अस्तर सुटायला लागलं की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोरात आवळतो आणि ओटीपोटात कळा येतात. कंबर भरून येते, मांड्या दुखतात. काहींना पहिल्या दिवशी मळमळ होते, जुलाब होतात, त्यामागेही हीच द्रव्यं. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. पॅरासिटामॉल वेदना कमी करतं, पण गर्भाशयातल्या या कारखान्यापर्यंत त्याचा हात फारसा पोचत नाही. म्हणून पाळीच्या कळांवर आयब्युप्रोफेन बहुतेकींना जास्त लागू पडतं. पोटाला ते सोसत नसेल तर मात्र पॅरासिटामॉलच बरं.

दुकानात इतकी नावं असतात. त्यात काय काय असतं?

नाव बघू नका, नावाखालची बारीक अक्षरं बघा. क्रोसिन, कालपोल, डोलो यांत पॅरासिटामॉल असतं. ब्रुफेनमध्ये आयब्युप्रोफेन. कॉम्बिफ्लाममध्ये दोन्ही असतात, ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. मेफ्टाल स्पासमध्ये २५० मिलिग्रॅम मेफेनॅमिक ॲसिड आणि १० मिलिग्रॅम डायसायक्लोमाइन असतं. हे दुसरं औषध आवळलेला स्नायू सैल करतं. सायक्लोपाम गोळीत डायसायक्लोमाइनच्या जोडीला पॅरासिटामॉल. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, आणि ते पाळीत नको, कारण त्याने रक्त गोठायला वेळ लागतो.

पट्टीवर लाल रेघ किंवा लाल चौकट असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं असतं. मेफ्टाल स्पास त्यातलंच आहे. ते चिठ्ठीशिवाय सर्रास विकलं जातं ही गोष्ट खरी, पण म्हणून ते गोळ्या-बिस्किटांसारखं निरुपद्रवी होत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून तुम्हाला चालतं का ते विचारून घ्या, म्हणजे दर महिन्याचा प्रश्न मिटतो.

किती घ्यायची आणि किती वेळाने?

धडधाकट मोठ्या बाईने स्वतःच्या जबाबदारीवर आयब्युप्रोफेन घ्यायचं तर एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा ते आठ तास, आणि दिवसभरात १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. म्हणजे ४०० ची गोळी असेल तर दिवसाला तीन, चौथी नाही. दोन-तीन दिवस पुरतं. त्यापुढेही लागत असेल तर दुखण्याचं कारण शोधायला हवं.

पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, दिवसाला जास्तीत जास्त चार वेळा. डॉक्टर याहून जास्त देऊ शकतात, पण ते वजन आणि यकृत बघून. आपल्याकडे पंचेचाळीस किलोच्या आतल्या बायका पुष्कळ आहेत. त्यांनी ६५० ऐवजी ५०० च घ्यावी.

गोळी घेतल्यावर फरक पडायला अर्धा ते एक तास जातो. वीस मिनिटांत "काय फरक नाय" म्हणून दुसरी टाकू नका.

दुखणं असह्य झाल्यावर घ्यायची की आधीच?

आधी. अगदी पहिली कळ आली की किंवा डाग दिसला की. प्रोस्टाग्लँडिन एकदा भरपूर तयार झालं की गोळीला त्याच्यामागे धावावं लागतं. सोसून सोसून संध्याकाळी घेतलेल्या दोन गोळ्यांपेक्षा सकाळी वेळेवर घेतलेली एक गोळी जास्त काम करते. ज्यांची पाळी तारखेला ठरलेली आहे आणि पहिला दिवस दर वेळी वाईट जातो, त्यांना डॉक्टर आदल्या दिवसापासूनही सुरू करायला सांगतात.

आमच्याकडे "गोळी शक्यतो घेऊ नये" हा सल्ला घरातली मोठी माणसं इतक्या मायेने देतात की मुली दुपारपर्यंत गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतात आणि मग उलटी व्हायला लागल्यावर गोळी मागवतात. उलटीत गोळी टिकत नाही. त्या सोसण्यातून हाती काहीच लागत नाही.

रिकाम्या पोटी चालेल का? उपास असेल तर?

आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक रिकाम्या पोटी नको. ज्या द्रव्यांना ती अडवतात, त्यांतलीच काही जठराच्या अस्तराचं ॲसिडपासून रक्षण करत असतात. म्हणून जळजळ, आणि वारंवार झालं तर अल्सर. खायला फार लागत नाही. वाटीभर उकड्या तांदळाची पेज, एखादं घावन, दूध-पोहे, काहीही. नुसत्या कोऱ्या चहावर मात्र भागवू नका.

हरतालिकेला पाणीसुद्धा न घेणाऱ्या बायका आहेत. त्या दिवशी पाळी आली आणि दुखायला लागलं तर एक तर उपास सोडा आणि गोळी घ्या, किंवा उपास ठेवा आणि शेकावर भागवा. दोन्ही एकदम करून पोट आणि मूत्रपिंड दोघांनाही ताण देऊ नका. पॅरासिटामॉल रिकाम्या पोटी घेतली तर त्यातल्या त्यात चालते, पण त्यालाही ग्लासभर पाणी लागतंच. रमजानमध्ये पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तरी घरातल्यांसमोर खायला संकोच वाटतो म्हणून काही मुली दिवसभर उपाशी राहून गोळी घेतात. आईने किंवा मोठ्या बहिणीने तेवढं बघावं.

एका गोळीने भागलं नाही तर दुसरी वेगळी घेऊ का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही सगळी सगोत्र आहेत. सगोत्र गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत. सकाळी मेफ्टाल आणि दुपारी कॉम्बिफ्लाम म्हणजे दोन वेगळ्या गोळ्या नव्हेत, एकाच गोत्रातल्या दोन. दुखणं दुपटीने कमी होत नाही, जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र वाढतो. घरात नवऱ्याच्या कंबरदुखीसाठी आणलेली पट्टी असते. तिच्यातही बहुधा ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल असतं, तेव्हा ती "वेगळी" म्हणून घेऊ नका.

आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी चालते, कारण गोत्र वेगळं. पण कॉम्बिफ्लामवर डोलो घेतली तर पॅरासिटामॉल दोनदा गेलं हे लक्षात ठेवा. ३२५ आणि ६५० मिळून एका वेळी ९७५ मिलिग्रॅम. एकदा झालं तर घाबरायचं कारण नाही, पण दिवसभर तसंच चालू ठेवलं तर यकृतावर येतं. सर्दीतापाच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच.

मेफ्टालबद्दल सरकारने इशारा दिला होता ना? बंद झाली का?

बंद झालेली नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली. या औषधाने क्वचित ड्रेस सिंड्रोम नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते. ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, चेहरा सुजतो, गाठी येतात, आणि आतून यकृत, मूत्रपिंडालाही इजा होते. फसवी गोष्ट ही की हे सगळं गोळी घेतल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतं, तोवर गोळी कोणाच्या लक्षातही नसते. क्वचित म्हणजे खरोखर क्वचित. पण पुरळ आणि ताप घेऊन डॉक्टरकडे गेलात तर महिन्या-दीड महिन्यात कुठली गोळी घेतली होती ते आठवून सांगा. एकदा असं झालेल्या बाईने ते औषध पुन्हा कधीही घ्यायचं नाही.

पाळीही आहे आणि तापही आहे. कुठली घेऊ?

फक्त पॅरासिटामॉल. कोकणात राहणाऱ्यांनी या पानावरचं दुसरं काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नये.

पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे डेंग्यू असतो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतो. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि रक्तस्रावाचा धोका असतो. त्यात आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक, ॲस्पिरिन यांनी भर पडते. लेप्टोमध्ये मूत्रपिंड आधीच अडचणीत असतं, आणि नेमकं तिथेच ही औषधं रक्तपुरवठा कमी करतात. लावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहिलेल्या बाईला अंग मोडून येणं, पोटऱ्या दुखणं हे कामानेच झालं असं वाटतं. त्यात पाळीची तारीख जवळ असली की सगळं पाळीच्या माथी मारलं जातं आणि दोन पेनकिलर पोटात जातात. पोटऱ्या दाबल्यावर कळ, डोळे लाल, लघवी कमी, आणि ताप, असं असेल तर गोळी शोधत बसू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

दोडामार्ग, बांदा भागात २०१६ पासून माकडतापाचे (गोचिडींमुळे होणाऱ्या तापाचे) रुग्ण सापडले आहेत. तो उन्हाळ्यात, नेमक्या काजूच्या हंगामात येतो. त्यातही रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून नियम तोच. तापात पाळी नेहमीपेक्षा फार जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. सांगायला लाजतात बायका, आणि निदान तिथेच लांबतं.

लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लीन घेतली आहे. त्यावर पोटदुखीची गोळी चालेल?

दोघांचं आपसात वैर नाही. पण दोन्ही अन्ननलिकेला आणि जठराला लागतात. दोन्ही खाऊन, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा तास तरी आडवं होऊ नका. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर दोन्हीही विचारल्याशिवाय नको.

उन्हात काम असतं, काजूच्या कारखान्यात गरम होतं. गोळी घेऊन जाऊ का?

जा, पण पाण्याची बाटली बरोबर हवी. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनच्या गोत्रातली गोळी मूत्रपिंडाला जड जाते. मेफ्टाल स्पास, सायक्लोपाममधल्या डायसायक्लोमाइनची आणखी एक गोष्ट आहे. त्याने घाम कमी येतो. मे महिन्यातल्या आपल्या दमट उकाड्यात अंग थंड राहतं तेच घामावर. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांपुढे अंधुक होतं, गुंगीही येते. भट्टीजवळ उभं राहायचं असेल, आंब्याच्या पेट्या उचलायच्या असतील किंवा स्कूटर घेऊन हायवेने जायचं असेल तर साधी आयब्युप्रोफेन बरी. काचबिंदू असलेल्यांनी डायसायक्लोमाइन घेऊ नये.

कोणी ही गोळी घेऊच नये?

आयब्युप्रोफेन आणि त्याचे सगोत्र यांबद्दल बोलते आहे. आधी अल्सर झालेला, शौचाला काळं झालेलं, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, किंवा कुठलीही पेनकिलर घेतल्यावर दम लागलेला असेल तर नाही. दमा असलेल्या सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण पहिल्यांदा घेताना डॉक्टरांना विचारून घ्या. बीपीची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, स्टेरॉइड, संधिवाताची मेथोट्रेक्सेट, नैराश्यासाठीच्या काही गोळ्या, यांपैकी काही चालू असेल तर पट्टी घेऊनच दुकानात या. नाव आठवत नसलं की "पांढरी बारकी गोळी" असं वर्णन ऐकायला मिळतं. निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि बारक्या असतात!

दिवस गेले असतील तर? अंगावर बाळ पीत असेल तर?

पाळी चुकली असेल आणि पोट दुखत असेल तर आधी युरिन टेस्ट, मग गोळी. गरोदरपणात आयब्युप्रोफेनच्या गोत्रातलं औषध स्वतःहून घ्यायचं नाही, पाच महिन्यांनंतर तर नाहीच. टेस्ट पॉझिटिव्ह, एका बाजूला कळ, चक्कर, थोडा रक्तस्राव, असं असेल तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. ती जिवावर बेतणारी गोष्ट आहे. १०८ ला फोन करा. बाळ अंगावर पीत असेल तर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत चालतात.

दर महिन्याला घेतली तर पुढे मूल होत नाही म्हणतात. सवय लागते का?

महिन्यातून दोन-तीन दिवस गोळी घेतल्याने वंध्यत्व येत नाही. सवयही लागत नाही. दर महिन्याला दुखतं म्हणून दर महिन्याला घेतली जाते, इतकंच. गोळी लपवत असलेल्या आजारामुळे मात्र अडचण येऊ शकते, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

गोळीने रक्त आत अडकतं का?

नाही. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिकने रक्तस्राव काहीसा कमी होतो, कारण अस्तरातलं प्रोस्टाग्लँडिन कमी होतं. आत काही साठत नाही. पाळी फार जाणाऱ्यांना डॉक्टर मेफेनॅमिक मुद्दाम देतात ते याचसाठी.

तांबी बसवल्यापासून जास्त दुखतं.

पहिले काही महिने हे होतं, अंगावरूनही जास्त जातं. वर सांगितलेल्या मात्रेत आयब्युप्रोफेन चालतं. दुखणं अचानक वाढलं, ताप आला, वास येणारं पांढरं जायला लागलं किंवा दोरा हाताला लागेनासा झाला तर जिथे बसवली तिथे दाखवा.

मुलगी तेरा वर्षांची आहे. शाळेत गोळी देऊ का?

बारा वर्षांपुढे आयब्युप्रोफेन २०० मिलिग्रॅम किंवा पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, डबा खाऊन. पहिल्यांदा मात्र घरी, तुमच्या डोळ्यांसमोर द्या, काय होतं ते कळेल. ॲस्पिरिन सोळाच्या आत नको, आणि मेफ्टाल डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. दप्तरात अख्खी पट्टी देऊ नका. वर्गात एकीची गोळी पाचजणींत फिरते, आणि त्यात एखादी दम्याची असते.

गणपतीत पाळी येणार आहे. पुढे ढकलायची गोळी आणि पोटदुखीची गोळी सारखीच का?

अजिबात नाही. पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे नोरएथिस्टेरॉन, हे संप्रेरक आहे, पेनकिलर नव्हे. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात ती मागणाऱ्यांची आमच्याकडे रीघ लागते, आणि बऱ्याचदा बाई घरी मखराच्या, नैवेद्याच्या गडबडीत आणि गोळी मागायला आलेला असतो नवरा. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, यकृताचा आजार, अर्धशिशी, छातीत गाठ, यांपैकी काही तिला आहे का, हे त्याला माहीत नसतं. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. त्यावरून बोलणीही खाते. ती तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते, त्यामुळे आदल्या रात्री आणून उपयोगही होत नाही. घेत असताना एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला तर ताबडतोब डॉक्टर.

आणि माझं मत विचाराल तर, मोदक वळायला पाळी आड येऊ नये. पण तो प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

गोळीशिवाय काही उपाय?

शेक. गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून ओटीपोटावर पंधरा-वीस मिनिटं ठेवली तर पुष्कळजणींना चांगलाच आराम पडतो, आणि गोळीबरोबर केला तरी चालतो. चालणं-फिरणं, हलका व्यायाम यानेही फायदा होतो. आल्याचा किंवा सुंठीचा काढा घ्यायला हरकत नाही. ओव्याचं पाणी पोटातल्या गॅसला बरं. बिब्बा मात्र लावू नका. भाजल्यासारखे फोड येऊन दुकानात आलेल्या बायका बघितल्या आहेत.

दोनच सुट्या गोळ्या घेतल्या तर?

आम्ही कापून देतो, पण पट्टीच्या एकाच टोकाला नाव, मुदत आणि बॅच नंबर असतो. कापलेल्या तुकड्यावर बऱ्याचदा "...फेन ४००" एवढंच उरतं, कधी तेही नाही. सहा महिन्यांनी फडताळात सापडलेला तो तुकडा कुठल्या गोळीचा, हे सांगायला मलाही जमत नाही. पैशांचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं स्वस्तात मिळतात, पूर्ण पट्टी घ्या. गोळी पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका. आपल्या हवेत ती ओल धरते. ठिपके पडलेली, मऊ झालेली, कडा सुटलेली गोळी टाकून द्या.

चुकून जास्त गोळ्या घेतल्या गेल्या तर?

पॅरासिटामॉल जास्त गेली असेल तर बरं वाटतंय म्हणून थांबू नका. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, बाकी काही नाही, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊ लागतं. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. रिकामी पट्टी बरोबर घ्या आणि जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. जीव नकोसा होऊन मुद्दाम घेतल्या असतील तरी हेच, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका, रागावू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं?

तीन पाळ्या गोळी वेळेवर आणि पुरेशा मात्रेत घेऊनही उठवत नसेल तेव्हा. आधी दुखत नव्हतं आणि पंचविशी-तिशीनंतर सुरू झालं, वर्षागणिक वाढत चाललंय, पाळी नसतानाही दुखतं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला बसताना दुखतं, असं असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), ॲडेनोमायोसिस (ते गर्भाशयाच्या स्नायूत वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) यांपैकी काही असू शकतं. बायका हे वर्षानुवर्षं "माझी पाळीच तशी" म्हणून काढतात. लागोपाठ दोन तास, दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, गोळीनंतर चेहरा सुजला, दम लागला, तर थांबायचं नाही. दुखणं बेंबीपासून सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं तर अपेंडिक्सही असतं, पाळीच्या दिवसातसुद्धा.

स्त्रीरोगतज्ज्ञ तालुक्याला नसेल तर ओरोस, रत्नागिरी, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांत असतात. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातही जातात. जाताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि कुठली गोळी किती घेतली ते लिहून न्या.

दुकानात पुरुष उभे असले तर कसं मागायचं?

कागदावर लिहून द्या : वय, पाळीतली पोटदुखी, चालू असलेली औषधं, कशाची ॲलर्जी, बाळ अंगावर आहे का. कागद दिलात की मोठ्याने बोलायची गरज नाही, मीही उत्तर त्याच कागदावर लिहून देते. नवऱ्याला किंवा मुलाला पाठवणार असाल तर त्याच्याजवळही हाच कागद द्या. "बायकांची गोळी" एवढ्यावर मी काही देत नाही.